दोतोनबोरी पायी: ओसाकाच्या मिनामी भागात सकाळपासून रात्रीपर्यंत कसं फिरायचं

जपानमधल्या ओसाका शहरातल्या दोतोनबोरीला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये एकच फोटो असतो. मागे दिव्यांचा पळणारा माणूस, पुढे अनोळखी डोक्यांची गर्दी आणि मधे कसेबसे हात वर केलेले आपण. मंडळी रात्री आठच्या सुमाराला पोहोचतात आणि पुलावर पंधरा मिनिटं ढकलाढकली सोसतात. मग पोटात भूक, हातात फोन, समोर शंभर पाट्या, त्यातली एकही वाचता येत नाही. तासाभरात "बघून झालं" म्हणत परत फिरतात. हा भाग असा बघायचा नाही. इथली प्रत्येक गल्ली घड्याळाच्या वेगळ्या तासाला जागी होते, आणि त्या क्रमाने चाललात तर तीच जागा दिवसभर पुरते. खालचा आराखडा त्या क्रमाने आखला आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा

ओसाकाची दोन मुख्य ठाणी. उत्तरेला उमेदा, त्याला 'किता' म्हणतात. दक्षिणेला नांबा आणि आसपासचा परिसर, तो 'मिनामी'. मिनामीच्या मधून पूर्व-पश्चिम एक कालवा जातो, तो दोतोनबोरी. यासुई दोतोन नावाच्या व्यापाऱ्याने १६१२ मध्ये तो खणायला घेतला. १६१५ च्या ओसाकाच्या वेढ्यात तो मारला गेला, नातेवाइकांनी त्याच वर्षी काम पुरं केलं आणि कालव्याला त्याचं नाव मिळालं. कालव्याच्या दक्षिण काठाला समांतर जी गजबजलेली गल्ली आहे तिलाही दोतोनबोरीच म्हणतात.

कालव्यावरचे तीन पूल लक्षात ठेवले की पुरे. पश्चिमेकडून पूर्वेकडे एबिसुबाशी, ताझाएमोनबाशी, आईआउबाशी. 'बाशी' म्हणजे पूल. प्रसिद्ध फोटो एबिसुबाशीवरून काढतात. त्याच पुलावरून उत्तर-दक्षिण एक छत असलेली बाजारपेठ जाते. पुलाच्या उत्तरेला शिनसाईबाशी-सुजी, सुमारे ६०० मीटर लांब. दक्षिणेला एबिसुबाशी-सुजी, जी थेट नांबा स्टेशनसमोर उतरते. पश्चिमेला समांतर रुंद रस्ता मिदोसुजी, पूर्वेला साकाईसुजी. वाट चुकलात तर या दोन मोठ्या रस्त्यांपैकी एक गाठा, हिशेब पुन्हा लागतो.

पोहोचताना होणारी पहिली चूक

नांबा नावाचं एकच स्टेशन नाही. नानकाई नांबा, मेट्रोच्या तीन लाइनींचं नांबा, किंतेत्सु आणि हानशिन यांचं ओसाका-नांबा, आणि जेआर नांबा, अशी चार वेगवेगळी ठिकाणं जमिनीखालून एकमेकांना जोडलेली आहेत. नानकाई, किंतेत्सु आणि हानशिन या खाजगी रेल्वे कंपन्या, जेआर म्हणजे जपान रेल्वे. जेआर नांबा सगळ्यात पश्चिमेला पडतं. हॉटेल शोधताना 'नांबापासून पाच मिनिटं' असं दिसलं, तर कुठल्या नांबापासून ते आधी तपासा. सामान घेऊन भुयारी वाटेत केलेली पंधरा मिनिटांची पायपीट पहिल्याच दिवशी पाय मोडते.

कानसाई विमानतळावरून येत असाल तर नानकाईची गाडी सरळ पडते. विमानतळ स्टेशनवर नारिंगी दरवाजे नानकाईचे, निळे जेआरचे. एअरपोर्ट एक्स्प्रेसला सुमारे ४५ मिनिटं लागतात, तिकीट ९७० येन. 'रापीत' ही आरक्षित आसनांची जलद गाडी ४० मिनिटांच्या आत पोहोचते, पण तिला ५२० येन जादा. सामान जास्त असेल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर ते ५२० येन खर्च करण्याजोगे आहेत, कारण साध्या गाडीत उभं राहावं लागू शकतं. जेआर पास नानकाईवर चालत नाही आणि ओसाका मेट्रोवरही चालत नाही. बुलेट ट्रेनने येणाऱ्यांनी शिन-ओसाकाला लाल रंगाची मिदोसुजी लाइन पकडावी. तिथून नांबा सुमारे १५ मिनिटं, २९० येन.

इकोका कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. २,००० येनमध्ये १,५०० येन प्रवासाचे आणि ५०० येन अनामत. मेट्रो, बस, बहुतेक लॉकर, शीतपेयांची यंत्रं, किराणा, सगळीकडे ते चालतं. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. मुलांचं कार्ड स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून मिळतं, यंत्रातून घाईघाईने मोठ्यांचं कार्ड काढून देऊ नका.

मेट्रोच्या नांबा स्टेशनवरून दोतोनबोरीसाठी १४ क्रमांकाचा दरवाजा धरा. नानकाईने आलात तर ताकाशिमाया दुकानासमोरचा चौक ओलांडून एबिसुबाशी-सुजीत शिरा आणि उत्तरेकडे सरळ दहा मिनिटं चाला. हा चौक २०२३ मध्ये वाहनांसाठी बंद करून पादचाऱ्यांना दिला, त्यामुळे भेटायची जागा म्हणून तो उत्तम. ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात, तोक्योच्या बरोबर उलट. डावीकडे थांबलात तर मागे रांग खोळंबते.

मोठ्या बॅगा घेऊन या गल्ल्यांत अजिबात शिरू नका. खोली मिळायची वेळ बहुधा दुपारी तीनची असते, पण बॅगा सकाळीच ठेवून घ्यायला हॉटेलं नकार देत नाहीत. लॉकर वापरायचेच असतील तर सकाळी दहाच्या आत गाठा, मोठे कप्पे आधी भरतात. दर आकारानुसार साधारण ४०० ते ९०० येन. नाण्यांवर चालणारे लॉकर फक्त १०० येनची नाणी घेतात, म्हणून ती जपून ठेवा. लॉकरचा फोटो काढताना मागचा दरवाजा क्रमांकही फोटोत येऊ द्या. नांबात लॉकरच्या भिंती इतक्या ठिकाणी आहेत की परत आल्यावर आपली कुठली, हेच आठवत नाही.

सकाळी ९ ते ११.३०: कुरोमोन आणि भांड्यांची गल्ली

सुरुवात निप्पोनबाशी स्टेशनजवळच्या कुरोमोन बाजारापासून करा. नावाचा अर्थ काळा दरवाजा. इथे पूर्वी एक देऊळ होतं, त्याच्या काळ्या प्रवेशद्वारावरून हे नाव पडलं. छताखाली जवळजवळ ५८० मीटर लांब गल्ली, दीडशेच्या आसपास दुकानं. दुकानं नऊनंतर उघडू लागतात आणि संध्याकाळी पाच-सहाला आवरतात, म्हणून 'रात्री दोतोनबोरीबरोबर कुरोमोनही करू' हा बेत फसतो. रविवारी काही दुकानं बंद असतात. सकाळी दहाच्या आधी चालायला जागा मिळते, साडेअकरानंतर मिळत नाही.

इथले भाव आता पर्यटकांचे झाले आहेत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. मांसाच्या एका काडीला दोन-तीन हजार येन सहज पडतात. पाटीवरचा भाव नगाचा आहे की वजनाचा, हे खेकडा आणि मोठ्या माशांच्या बाबतीत विचारूनच बोट दाखवा. 'इकुरा देसु का' म्हणजे 'किती झाले'. मासे खाणाऱ्याने एकच पदार्थ निवडून तो दुकानासमोरच उभं राहून खावा. चालत खाणं इथे नको असतं, आणि रिकामी पत्रावळ त्याच दुकानाला परत द्यायची, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे फार कमी. शाकाहारी माणसासाठी कुरोमोन म्हणजे फळं, चहाची दुकानं आणि भाजलेली रताळी.

तिथून पश्चिमेला पाचेक मिनिटांवर सेन्नीचिमाए दोगुयासुजी. लांबी जेमतेम १५० मीटर, पण स्वयंपाकाची आवड असलेल्या माणसाने इथे तासभर ठेवावा. हॉटेलवाल्यांची भांडी, सुऱ्या, कागदी कंदील, दुकानाच्या दारावरचे पडदे आणि काचेमागे ठेवतात ते प्लास्टिकचे नकली पदार्थ, सगळं इथे मिळतं. ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचा तुकडा घातलेले पिठाचे गोळे; त्यांचा बिडाचा तवा पाहिलात की आपलं आप्पेपात्रच आठवेल. फरक एवढाच की खळगे जास्त खोल आणि एकमेकांना चिकटून असतात, कारण पीठ खळग्याबाहेर सांडू देऊन नंतर ते टोच्याने आत वळवायचं असतं. घ्यायचा तर गॅसवर चालणारा बिडाचाच घ्या. विजेवर चालणारा तवा भारतात नेऊ नका. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची, तवा पहिल्याच दिवशी जळतो. सुरी घेतलीत तर ती चेक-इन सामानातच जाणार, म्हणून परतीच्या विमानाआधी शेवटच्या क्षणी खरेदी करू नका.

करमुक्त खरेदीचा नियम बदलतो आहे. आतापर्यंत एका दुकानात एका दिवशी किमान ५,००० येनची खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून कर जागच्या जागी वजा होत असे. १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण किंमत भरायची आणि देश सोडताना कस्टम तपासणीनंतर कर परत मिळायचा, अशी पद्धत ठरली आहे. दोन्ही प्रकारांत मूळ पासपोर्ट लागतो, फोटोकॉपी किंवा फोनमधला फोटो चालत नाही.

दुपार: बसायची सोय आधी पाहा

मिनामीत रस्त्याकडेला बाकं जवळजवळ नाहीत. थकलेल्या माणसांना घेऊन 'बसायला जागा शोधू' म्हणत फिरणं ही दुपारची नेहमीची चूक. दोगुयासुजीपासून दहा मिनिटांवर नांबा पार्क्स आहे. जुनं बेसबॉल मैदान पाडून तिथे २००३ मध्ये पायऱ्यापायऱ्यांची बाग असलेली ही इमारत उभी राहिली. खेळपट्टीची जुनी जागा आतल्या फरशीवर खुणेने दाखवली आहे. बागेत सावली, बाकं आणि स्वच्छतागृहं आहेत. पावसात नांबा वॉक हा भुयारी बाजार कामाला येतो. नांबापासून निप्पोनबाशीपर्यंत छत्री न उघडता जाता येतं.

दुपारच्या तीन तासांसाठी आमची पहिली शिफारस राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृह, निप्पोनबाशी स्टेशनपासून अगदी जवळ. बुनराकु म्हणजे मोठ्यांसाठीचं बाहुलीनाट्य. एका बाहुलीला तीन कलाकार लागतात. मुख्य कलाकार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. बाजूला एक गायक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो आणि शेजारी तीन तारांचं शामिसेन वाजतं. ताकेमोतो गिदायु याने १६८४ मध्ये याच दोतोनबोरीत ताकेमोतो-झा हे नाट्यगृह काढलं, आणि तिथून या कलेला आजचं रूप आलं. दिव्यांच्या पाट्यांआधी ही नाटकवाल्यांची पेठ होती, हे तिथे बसल्यावर कळतं. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्यांना इथला फरक लगेच दिसेल: दोरा नाही, कलाकार लपलेला नाही, आणि तरी दहा मिनिटांनी नजर फक्त बाहुलीवर राहते. पूर्ण प्रयोग चार तासांपर्यंत जातो, म्हणून एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं का ते विचारा. इंग्रजी निवेदनाचं यंत्र भाड्याने मिळतं. प्रयोग वर्षभर नसतात, मुख्यतः जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबरात असतात, तेव्हा तारखा घरूनच पाहून ठेवा.

नाटक नको असेल तर शिनसाईबाशी-सुजी. कपडे, सौंदर्यप्रसाधनं आणि औषधांची दुकानं. ब्रँडची दुकानं जगात कुठेही दिसतात तीच आहेत, त्यावर वेळ घालवू नका. तरुण मंडळींनी मिदोसुजीच्या पश्चिमेकडचं अमेरिकामुरा गाठावं, जुन्या कपड्यांची दुकानं आणि त्रिकोणी बाग.

दुपारीच एक काम उरकून ठेवा. ताझाएमोनबाशीजवळच्या घाटावरून दोतोनबोरीची बोट सुटते. फेरी २० मिनिटांची. अंधार पडतानाच्या फेऱ्यांची तिकिटं आधी संपतात, म्हणून दुपारीच घाटावर जाऊन सूर्यास्तानंतरची पहिली फेरी मागा. संध्याकाळी सातला रांगेत उभं राहिलात तर साडेआठ-नऊची बोट मिळेल.

खाणं, आणि शाकाहारी माणसाने काय करायचं

ओसाकाबद्दल 'कुइदाओरे' हा शब्द वापरतात, म्हणजे खाण्यापायी कफल्लक होणं. ज्याला सगळं चालतं त्याच्यासाठी सल्ला छोटा आहे: एका ठिकाणी पोटभर जेवू नका. सहा ताकोयाकी दोघांत, एक ओकोनोमियाकी (कोबी घातलेलं धिरडं) दोघांत, चार-पाच कुशिकात्सु, आणि थांबा. ताकोयाकी बाहेरून कोमट लागतात, पण आतलं पीठ उकळत्या पिठल्यासारखं असतं. काडीने भोक पाडून वाफ जाऊ द्या आणि अर्धा मिनिट थांबा. मुलांच्या हातात अख्खा गोळा देऊ नका. कुशिकात्सु म्हणजे काडीला लावून तळलेले तुकडे. सॉसचं भांडं सामाईक असेल तर काडी एकदाच बुडवायची, चावलेला तुकडा परत बुडवणं सक्त मना. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने उचलून वर घाला.

शाकाहारी माणसाची अडचण मांसाच्या तुकड्यांत नाही, पाण्यात आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, आणि ती बहुधा कात्सुओबुशीची असते, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांची. म्हणून ऑक्टोपस काढून ताकोयाकी मागितली तरी पिठात दाशी असते. ओकोनोमियाकी दिसायला कोबीचं धिरडं, पण पीठ दाशीत कालवलेलं आणि वर कात्सुओबुशी पसरलेली. कित्सुने उदोन या गव्हाच्या जाड शेवयांवर फक्त गोड तळलेला तोफू दिसतो, पण रस्सा माशाचाच. थंड तोफूवर पापुद्रे पेरून येतात. भाज्यांचे कुशिकात्सु मांसाच्याच तेलात तळतात, आणि अनेक ठिकाणी त्या तेलात गुरांची चरबी असते.

पाकिटावरची अ‍ॅलर्जीची चौकट पाहून निर्णय घेणारे इथे फसतात. जपानमध्ये अंडं, दूध, गहू, बकव्हीट, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे मोजकेच घटक सक्तीने छापावे लागतात. मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. चौकट कोरी दिसली तरी आत बोनितोचा अर्क असू शकतो, म्हणून संपूर्ण घटकयादीवर फोनमधलं भाषांतर फिरवा. किराणा दुकानातला उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) किंवा कोंबुचा (समुद्रशेवाळाचा) भातगोळा वरून निर्धोक वाटतो, त्यातही हा अर्क बऱ्याचदा असतो. नुसत्या मिठाचा भातगोळा त्यातल्या त्यात बरा.

'मी शाकाहारी' एवढं म्हणून भागत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात दाशी येतच नाही. पदार्थांची नावं घेऊन सांगा. ही वाक्यं पाठ करा किंवा जपानी लिपीत उतरवून फोनमध्ये ठेवा:

'निकु, साकाना, एबी, इका, ताको वा ताबेमासेन.' मांस, मासे, कोळंबी, माकुल, ऑक्टोपस खात नाही.
'साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.' माशाची दाशीही चालत नाही.
'तामागो तो ग्यूनयू वा दाईजोबु देसु.' अंडं आणि दूध चालेल. अंडं खात नसाल तर हे वाक्य गाळा.
'कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाई शिमासु.' वरचे माशाचे पापुद्रे नकोत.

शेवटचं वाक्य फक्त वरची सजावट काढतं, पिठातली दाशी काढत नाही, हे विसरू नका. आणि उत्तर 'नाही जमणार' असं आलं तर वाद घालू नका. लहान स्वयंपाकघरात पीठ सकाळीच कालवून ठेवलेलं असतं, तुमच्यासाठी वेगळं करणं खरंच शक्य नसतं.

मग खायचं काय? सकाळी जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानात 'मॉर्निंग' मागा, कॉफीबरोबर जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. दुपारचं जेवण आधीच पक्कं करा: नांबा-शिनसाईबाशी परिसरात भारतीय उपाहारगृहं आहेत, पूर्ण वनस्पतिजन्य रामेनची (रश्श्यातल्या नूडल्सची) दुकानंही आहेत. दोन-तीन ठिकाणं नकाशात खुणा करून ठेवा आणि त्या दिवशीची सुट्टी तपासा. पुष्कळ दुकानं दुपारी अडीच-तीन ते पाच बंद असतात. संध्याकाळी रस्त्यावर चाखायला ताइयाकी आहे. आकार माशाचा, पण आत गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण. वाराबिमोची हा जेलीसारखा मऊ गोड पदार्थ, भाजलेलं रताळं, मोचीचे म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्याचे गोड प्रकार, एदामामे म्हणजे मीठ लावून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. जैन पद्धतीने खाणाऱ्यांनी या भागात रस्त्यावरच्या खाण्याचा विचार सोडून द्यावा आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. घरून नेलेले मेतकूट, दशम्या, चटणी उपयोगी पडतात. मांसाचे पदार्थ मात्र जपानमध्ये आणता येत नाहीत.

खाण्यासाठी माणशी दिवसाला ४,००० ते ५,००० येन धरा. बसून खाल्लं तर १० टक्के कर, बांधून नेलं तर ८ टक्के. पाटीवरचा मोठा आकडा कधी कराविना असतो, त्याखाली बारीक अक्षरात करासहित भाव असतो. लहान दुकानं रोख मागतात. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. बक्षिशी ठेवू नका, वेटर पैसे परत द्यायला मागे धावत येईल.

संध्याकाळ: सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कालव्यावर

जूनअखेर ओसाकात सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, डिसेंबराच्या सुरुवातीला पाचच्या आधीच. त्या दिवशीची वेळ पाहा आणि अर्धा तास आधी एबिसुबाशीवर या. आकाशात निळेपणा शिल्लक असताना पाट्या पेटतात, ती वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात सुंदर. नंतर आकाश काळं होतं आणि फोटोत फक्त दिव्यांचे डाग राहतात.

पुलावर पश्चिमेकडे तोंड केलंत की डावीकडे ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या पाटीवरचा धावपटू. ही पाटी १९३५ मध्ये पहिल्यांदा लागली. आजची सहावी, २०१४ पासून एलईडीची. पुलाच्या कठड्याशी जागा मिळवायला भांडू नका. खाली काठाने लाकडी फळ्यांचा पायरस्ता आहे, तिथून पाटी आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब दोन्ही चौकटीत येतात आणि गर्दी निम्मी असते. फोनच्या पडद्यावर पाटीवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा. नाहीतर धावपटूचा चेहरा पांढरा फटक येतो.

पुलाच्या दक्षिण टोकाशी पाय हलवणारा मोठा खेकडा. तिथून गल्लीत पूर्वेकडे चाला. ढोल वाजवणारा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक कुइदाओरे तारो दिसेल. ज्या उपाहारगृहाचा तो होता ते २००८ मध्ये बंद पडलं, पण लोकांनी त्याला सोडलं नाही आणि तो याच गल्लीत परत उभा राहिला. समोरच्या काठावर लंबगोल आकाराचा पिवळा आकाशपाळणा आहे, ७७ मीटर उंच. आईआउबाशीपर्यंत गेलात की गर्दी ओसरते. मुलं दमली असतील तर बोटीची वाट इथे पाहा.

एबिसुबाशी हे नाव एबिसु या व्यापाराच्या देवाच्या इमामिया देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरून आलं. ९ ते ११ जानेवारीला तिथली जत्रा असते. त्या दिवसांत आलात तर बांबूच्या फांद्या घेऊन फिरणारी माणसं या सगळ्या भागात दिसतील. ओसाकाकरांच्या लाडक्या हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाने मोठं जेतेपद मिळवलं की चाहते याच पुलावरून पाण्यात उड्या मारतात आणि पोलीस पूल रोखून धरतात. १९८५ मध्ये त्यांनी केएफसीचा कर्नल सँडर्सचा पुतळाच कालव्यात फेकला होता, तो २००९ मध्ये गाळातून निघाला. सामन्याच्या निर्णायक रात्री मुलाबाळांसह इकडे येऊ नका.

रात्र: होझेंजी, आणि कुठे जायचं नाही

दोतोनबोरीच्या गल्लीतून दक्षिणेला दोन माणसं जेमतेम जातील अशा बोळातून शिरलात की आवाज एकदम थांबतो. दगडी फरशी, कंदील आणि होझेंजी हे १६३७ सालचं बौद्ध मंदिर. इथली फुदो या बौद्ध रक्षक देवतेची मूर्ती भाविकांनी पिढ्यानपिढ्या ओतलेल्या पाण्याने हिरव्या शेवाळाने पूर्ण झाकली गेली आहे. पळीने थोडं पाणी घालून हात जोडायचे. ज्यांना दर्शन घ्यायचं आहे त्यांच्यासमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढत बसू नका. शेजारचा होझेंजी योकोचो हा जेमतेम ८० मीटरचा बोळ २००२ आणि २००३ मध्ये आगीत होरपळला. नव्याने बांधताना नियमाप्रमाणे तो रुंद करावा लागला असता, पण लोकांच्या आग्रहामुळे खास सवलत घेऊन तो अरुंदच ठेवला. त्यासाठी तरी तो सावकाश चालावा.

बोळातल्या छोट्या उपाहारगृहांत आणि इझाकायात (जपानी मद्यालयात) बसलात की न मागता एक वाटी समोर येते. ती ओतोशी. ३०० ते ५०० येन माणशी बिलात लागतात, ती बसण्याची आकारणी समजा. फसवणूक नाही, पण दारातच विचारलं तर भांडण टळतं.

फसवणूक वेगळीकडे आहे. रात्री नऊनंतर एबिसुबाशीच्या उत्तरेला सोएमोनचो बाजूला हातात यादी घेऊन इंग्रजीत बोलावणारे तरुण दिसतील: इतक्या पैशांत हवं तेवढं प्या, इथे चला, तिथे चला. असं गिऱ्हाईक ओढणं शहराच्या नियमानुसार बंद आहे, आणि जो माणूस नियम मोडून तुम्हाला नेतो त्याच्या दुकानात बिल किती होईल याचा भरवसा नाही. थांबू नका, 'केक्को देसु' म्हणजे 'नको' म्हणा आणि चालत राहा. कोणाच्या मागे लिफ्टने वरच्या मजल्यावर जाऊ नका. तरीही अडकलात तर पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९. २७ जानेवारी २०२५ पासून संपूर्ण ओसाका शहरात रस्त्यावर धूम्रपानाला बंदी आहे, दंड १,००० येन, म्हणून ओढणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या खोल्याच वापराव्यात.

शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास संपतात, विमानतळाकडची त्याहून आधी. साडेअकराला स्टेशनकडे वळा. नांबाच्या भुयारात योग्य लाइन गाठायलाच दहा मिनिटं जातात. मिदोसुजी लाइनवर सोमवार ते शुक्रवार दिवसभर एक डबा बायकांसाठी राखीव असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. एकट्या फिरणाऱ्या मुलींना रात्री तो बरा पडतो, आणि पुरुषमंडळींनी घाईत त्यात शिरू नये.

मुक्कामाचं बिल करताना निवासकर वेगळा दिसेल. सप्टेंबर २०२५ पासून माणशी एका रात्रीचा दर ५,००० येन किंवा त्याहून जास्त असेल तर २०० येन, १५,००० पासून पुढे ४००, आणि २०,००० पासून पुढे ५०० येन. ऑनलाइन पूर्ण पैसे भरले असले तरी हा कर काही हॉटेलं काउंटरवरच घेतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर नांबाहून दक्षिणेला निप्पोनबाशीच्या खेळणी-इलेक्ट्रॉनिक्सच्या पेठेतून पंचवीस मिनिटं चालत शिनसेकाईला जा. १०८ मीटर उंचीचा त्सुतेनकाकु मनोरा १९५६ मध्ये दुसऱ्यांदा उभारलेला आहे. पायाशी कुशिकात्सुच्या दुकानांच्या रांगा आहेत. तिथे दुपारी चारच्या सुमाराला पोहोचा: जेवणाची रांग नसते, आणि मनोऱ्यावरून खाली उतरेपर्यंत दिवे लागलेले असतात.